दिवस गेले म्हणून थायरॉईडची गोळी थांबवली, आता काय?

नमस्कार डॉक्टर,

मी ३० वर्षांची आहे. तीन वर्षांपासून थायरॉईडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी घेते आहे. महिन्याभरापूर्वी दिवस गेल्याचं कळलं. पहिल्या तीन महिन्यांत कुठलंही औषध पोटात जाऊ नये, असं सासूबाई म्हणाल्या. मलाही ते पटलं आणि मी गोळी बंद केली. साधारण अडीच आठवडे घेतली नाही. पहिल्या तपासणीला गेले तेव्हा आठवा आठवडा चालू होता. टीएसएच ६.८ आला, फ्री टी-४ नॉर्मल आहे. डॉक्टरांनी ७५ ची गोळी लिहून दिली आणि टीएसएच अडीचच्या खाली यायला हवा म्हणाल्या. पण लॅबच्या कागदावर ५ पर्यंत नॉर्मल लिहिलं आहे. गोळी बंद केली होती हे मी त्यांना सांगितलंच नाही. नंतर इंटरनेटवर वाचलं की आईला थायरॉईड असेल तर मूल मतिमंद होतं. तेव्हापासून झोप उडाली आहे. ७५ ची गोळी आणून ठेवली आहे, पण घ्यायची हिंमत होत नाही. नाही घेतली तरी भीती वाटते. हे मूल ठेवावं की नाही, असाही विचार मनात येऊन गेला. नवऱ्याला यातलं काही माहीत नाही. बाळालाही थायरॉईड होईल का? अंगावर पाजताना गोळी चालते का? उत्तराची वाट पाहते.

– एक वाचक

नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी तुम्हाला चार ओळी कळवल्या होत्या. ७५ ची गोळी उद्या सकाळपासून सुरू करा, मध्ये गोळी बंद होती हे डॉक्टरांना फोन करून सांगा, आणि मूल ठेवायचं की नाही हा निर्णय या रिपोर्टवरून घेऊ नका. गोळी सुरू केल्याचं आणि डॉक्टरांना सांगितल्याचं तुम्ही कळवलंत, मला फार बरं वाटलं. आता बाकीचं सविस्तर लिहिते. अशाच धास्तीने लिहिलेली पत्रं माझ्याकडे अधूनमधून येतात, तेव्हा त्या बाकीच्या जणींनाही हे वाचता येईल.

आधी बाळाचं बोलू, कारण तुमची झोप त्यापायी उडाली आहे.

तुम्ही वाचलेलं वाक्य जसंच्या तसं खरं नाही. त्यामागे एक खरं संशोधन मात्र आहे. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, गरोदरपणी थायरॉईडची कमतरता होती पण बहुतेकींची ती त्या वेळी लक्षातच आली नव्हती अशा बायकांची मुलं सात ते नऊ वर्षांची झाल्यावर तपासली होती. ज्या आयांना गरोदरपणात काहीच उपचार मिळाले नव्हते, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यांक इतर मुलांपेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी भरला. हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. गरोदरपणातल्या थायरॉईडकडे जगभरचे डॉक्टर गांभीर्याने बघू लागले त्यात या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. पण सात गुणांचा सरासरी फरक आणि 'मूल मतिमंद होतं' यांत केवढं अंतर आहे ते बघा. शिवाय त्या आयांची कमतरता बऱ्यापैकी जास्त होती आणि सगळं गरोदरपण उपचारांविना गेलं होतं. तुमची अडीच आठवडे गोळी चुकली आहे.

तुमच्या रिपोर्टसारखी, म्हणजे टीएसएच (थायरॉईड कमी पडू लागली की वाढणारा आकडा) थोडा वाढलेला पण टी-४ (म्हणजे थायरॉक्सिन, थायरॉईडचा मुख्य हार्मोन) ठीक, अशी सौम्य कमतरता असलेल्या बायकांवरही नंतर मोठे अभ्यास झाले. त्यातले दोन, २०१२ आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेले, फार काळजीपूर्वक केलेले होते. काही जणींना गरोदरपणात गोळी दिली, काहींना दिली नाही, आणि मुलं एका अभ्यासात तीन वर्षांची व दुसऱ्यात पाच वर्षांची झाल्यावर त्यांची बुद्धी तपासली. दोन्ही गटांत फरक सापडला नाही. याचा अर्थ गोळीची गरज नाही असा घेऊ नका. त्या अभ्यासांत गोळी सुरूच झाली ती पहिले तीन महिने संपता संपता किंवा त्याही नंतर, आणि त्यात तुमच्यासारख्या आधीपासून गोळीवर असलेल्या बायका नव्हत्या. पण सौम्य कमतरतेने मुलाच्या बुद्धीचं मोठं नुकसान होतं असं त्यातून दिसत नाही, एवढं तुम्हाला धीर द्यायला पुरेसं असावं.

आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. ही गोळी, म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, एका दिवसात अंगातून निघून जात नाही. तिचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणजे गोळी बंद केल्यावर पहिला आठवडाभर तुमच्या रक्तात बरंचसं औषध होतं, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पाव हिस्सा तरी उरलेलं होतं. त्यात तुमचा डोस ५० चा. ज्यांची थायरॉईड ग्रंथी पूर्ण बंद पडलेली असते, किंवा ऑपरेशनने काढून टाकलेली असते, त्यांना किलोमागे दीडेक मायक्रोग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या बाईला शंभरच्या आसपास लागतं. ५० मध्ये तुमचं भागत होतं याचा अर्थ तुमची स्वतःची ग्रंथी अजून निम्मंअर्धं काम करते आहे. गोळी बंद असताना बाळाला काहीच मिळत नव्हतं, असं झालेलं नाही.

गर्भपाताचा विचार मनात आला म्हणून स्वतःला दोष देऊ नका, भीतीने माणूस कुठवरही जातं. पण माझं मत स्पष्ट आहे : ६.८ टीएसएच आणि नॉर्मल टी-४ या कारणावरून गर्भपात करायची काहीही गरज नाही. कुठल्याही गरोदरपणाची हमी कुणी डॉक्टर देऊ शकत नाही, मीही देणार नाही. गोळी नीट चालू राहिली तर तुमच्या गरोदरपणाला फारशी वेगळी भीती मात्र नाही.

आता त्या गोळीचं. पहिल्या तीन महिन्यांत औषध नको, हा सासूबाईंचा धाक हवेतून आलेला नाही. १९५७ पासून थॅलिडोमाइड नावाचं औषध बाजारात होतं, गरोदर बायकांना मळमळीवर सुरक्षित म्हणून दिलं जायचं. १९६१ च्या अखेरीपासून ते बंद होत गेलं, पण त्याच्यामुळे जगभर दहा हजारांहून जास्त मुलं हातापायांची वाढ खुंटलेली जन्माला आली. औषध तपासण्याचे कायदे त्यानंतर कडक झाले आणि 'पहिले तीन महिने जपून' ही शिकवण घराघरांत पोचली. शिकवण चांगली आहे. नव्या, अनोळखी, गरज नसलेल्या औषधासाठी ती अगदी बरोबर आहे. तुमच्या गोळीला ती लागू होत नाही, कारण गोळीतलं थायरॉक्सिन आणि तुमच्या गळ्यातली ग्रंथी बनवते ते थायरॉक्सिन यांत रेणूचाही फरक नाही. तुमचं शरीर तो रेणू गोळीतून आला की ग्रंथीतून हे ओळखूही शकत नाही.

आणि नेमका याच तीन महिन्यांत बाळाला तो सगळ्यात जास्त हवा असतो. बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास हार्मोन बनवायला लागते, आणि नीट कामाला लागायला अठरा-वीस आठवडे उजाडतात. तोवर त्याच्या मेंदूच्या जडणघडणीला लागणारं थायरॉक्सिन वारेतून (प्लॅसेंटातून) आईकडूनच जातं. म्हणजे सासूबाईंना ज्या तीन महिन्यांची काळजी होती, त्याच तीन महिन्यांसाठी ही गोळी सर्वांत मोलाची आहे. हे त्यांना असंच सांगून बघा. त्यांची काळजी खोटी ठरवायची गरज नाही, त्या काळजीचं उत्तर ही गोळीच आहे.

५० चे ७५ का केले, हे तुम्हाला खटकलं आहे. गोळी 'वाढत चालली' म्हणजे आजार वाढला, असं वाटणं साहजिक आहे. पण गरोदरपणात मागणीच वाढते. इस्ट्रोजेन वाढतं, त्यामुळे रक्तात थायरॉक्सिनला धरून ठेवणारी प्रथिनं वाढतात आणि मोकळं, वापरता येण्याजोगं थायरॉक्सिन कमी पडू लागतं. रक्ताचं एकूण प्रमाण वाढतं. वार स्वतः थोडं थायरॉक्सिन मोडून टाकते. बाळाला द्यायचं ते वेगळं. निरोगी ग्रंथी हे सगळं गुपचूप भरून काढते, तुमच्या ग्रंथीला ते झेपत नाही, म्हणून वरचं गोळीतून द्यावं लागतं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आधीपासून गोळी घेणाऱ्या गरोदर बायकांना निम्म्या गरोदरपणापर्यंत सरासरी ४७ टक्के जास्त डोस लागला, आणि ही गरज काही जणींत अगदी पाचव्या आठवड्यातच सुरू झाली होती. सोळाव्या आठवड्यानंतर ती एका पातळीवर थांबली. तुमच्या डॉक्टरांनी ५० वर २५ वाढवले आहेत. त्यांना खंड पडल्याचं माहीत नव्हतं, तरी त्यांनी दिलेला डोस योग्यच वाटतो. पण आता सांगितलंत हे फार चांगलं केलंत, कारण पुढचा रिपोर्ट वाचताना त्यांना ते माहीत असायला हवं. नाहीतर टीएसएच खूप खाली गेला तर तो का गेला, हे कळायला उगाच वेळ जाईल.

बाळंतपण झालं की हा वाढीव डोस बहुतेकींचा कमी होतो. या गोळीची सवय लागत नाही.

आता लॅबचा कागद आणि डॉक्टर, यांतलं खरं कोण? दोघंही. टीएसएच म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीने थायरॉईडला मारलेली हाक. थायरॉईड कमी पडू लागली की हाक मोठी होते, म्हणून टीएसएच जास्त म्हणजे थायरॉईडचं काम कमी. लॅबने छापलेली मर्यादा सर्वसाधारण, गरोदर नसलेल्या माणसांची असते. गरोदरपणात एचसीजी नावाचा हार्मोन तयार होतो, तोच ज्याच्यामुळे लघवीच्या तपासणीत दोन रेघा येतात. तो थायरॉईडला थोडं स्वतःच कामाला लावतो, त्यामुळे पिट्युटरीला तेवढी हाक मारावी लागत नाही आणि टीएसएच खाली जातो. एचसीजी आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या दरम्यान सर्वांत जास्त असतो. तुमची तपासणी याच काळात झाली, आणि टीएसएच खाली जायच्या वेळी तुमचा वर गेला. म्हणून तो डॉक्टरांनी सोडून दिला नाही, आणि ते योग्यच केलं.

अडीचचा आकडा कुठून आला हेही सांगते, कारण त्यावरून बराच गोंधळ आहे. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने २०११ मध्ये सर्व गरोदर बायकांसाठी पहिल्या तीन महिन्यांत २.५ आणि पुढे ३ अशी वरची मर्यादा सुचवली होती. त्याने नको तितक्या बायका 'थायरॉईडच्या पेशंट' ठरू लागल्या. २०१७ मध्ये त्यांनी ती बदलली : ज्या त्या भागातल्या गरोदर बायकांवरून काढलेली मर्यादा वापरावी, ती नसेल तर ४ च्या आसपास धरावी. पण ज्या आधीपासून लेव्होथायरॉक्सिन घेत आहेत, त्यांच्यासाठी लक्ष्य २.५ च्या खाली असंच राहिलं. तुम्ही या दुसऱ्या गटात येता. म्हणून शेजारणीला ३.२ वर 'काही नको' सांगितलं आणि तुम्हाला गोळी वाढवली, तर त्यात विसंगती नाही.

फ्री टी-४ च्या बारीकसारीक चढउतारांवरून मात्र फार काही ठरवू नका. गरोदरपणात रक्तातली प्रथिनं बदललेली असतात आणि बऱ्याच लॅबच्या पद्धती त्याने थोड्या गडबडतात. आधार टीएसएचचाच.

एकदा डॉक्टरांना अँटी-टीपीओ ही तपासणी झाली आहे का ते विचारा. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉईडवर उठलेली आहे का, हे त्यातून कळतं. तुमच्या वयात कमतरतेचं सर्वांत जास्त आढळणारं कारण तेच आहे. ती एकदा पॉझिटिव्ह आली की पुन्हा पुन्हा करायची गरज नसते. आकडा कमी करायला म्हणून सेलेनियमच्या गोळ्या घेण्याचे सल्ले ऑनलाइन दिसतात. गरोदरपणात त्यांची शिफारस नाही, घेऊ नका.

घ्यायची कशी, यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्या पाहण्यात डोस बरोबर असूनही टीएसएच खाली येत नाही त्यामागे बहुतेक वेळा घेण्याचीच गडबड असते. गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा तास, जमल्यास तासभर काही खाऊ-पिऊ नका, चहा-कॉफीसुद्धा नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे लोहाची आणि कॅल्शियमची गोळी. गरोदरपणात या दोन्ही सुरू होतात, आणि बायका सगळ्या गोळ्या एकत्र तळहातावर घेऊन एका घोटात संपवतात. लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला पोटातच पकडून ठेवतात, ते रक्तात जातच नाही. मध्ये चार तास हवेत. थायरॉईडची पहाटे, लोहाची दुपारी, कॅल्शियम रात्री, अशी काहीतरी घडी बसवा. लोह किंवा कॅल्शियम असलेली मल्टिव्हिटॅमिनची गोळीही याच नियमात येते. पित्तावरच्या काही औषधांनीही शोषण कमी होतं, तेव्हा तशी काही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

आठव्या आठवड्यात सकाळी उठल्याउठल्या मळमळ असेल आणि गोळी उलटून पडत असेल, तर वेळ बदलता येते. रात्री झोपताना घ्या, शेवटचं खाणं होऊन तीन तास झालेले असले की झालं. फक्त त्या वेळी कॅल्शियम नको. आणि एक वेळ ठरवली की तीच ठेवा. एखाद्या दिवशी विसरलात, तर आठवेल तेव्हा घ्या. इतक्या संथ उतरणाऱ्या औषधात एका दिवसाने काही बिघडत नाही, विसरल्याची धास्ती बाळगू नका. कंपनी शक्यतो बदलू नका, बदलावी लागली तर साधारण महिन्याने टीएसएच बघून घ्या. डबी उन्हात किंवा दमट जागी ठेवू नका, आणि गोळ्या मूळ पाकिटातच असू द्या.

आयोडीनबद्दल थोडक्यात. गरोदर बाईला दिवसाला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते बहुतेकींना आयोडीनयुक्त मिठातून आणि रोजच्या खाण्यातून मिळतं. समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल आणि 'थायरॉईड सपोर्ट' म्हणून विकली जाणारी पूरकं टाळा. त्यात आयोडीन किती असेल याचा भरवसा नसतो, आणि जास्त आयोडीनने बाळाची ग्रंथी उलट मंदावू शकते. प्राण्यांच्या थायरॉईडची भुकटी किंवा टी-३ (थायरॉईडचा दुसरा हार्मोन) असलेली औषधंही गरोदरपणात नकोत. बाळाच्या मेंदूला जे पोचतं ते मुख्यतः आईचं टी-४, आणि या औषधांत टी-३ चं प्रमाण जास्त असल्याने टी-४ मागे पडतं.

पुढच्या तपासण्या अशा. डोस बदलल्यापासून चार आठवड्यांनी टीएसएच. त्याआधी केलात तर आकडा अजून सरकत असतो, उगाच घाबरायला होतं. मग विसाव्या आठवड्यापर्यंत दर चार आठवड्यांनी, आणि तिसाव्याच्या आसपास पुन्हा एकदा. मधल्या काळात आकडा थोडा वरखाली झाला तर गोळी थोडी बदलेल. एक-दोनदा बदलावी लागणं अगदी नेहमीचं आहे. तपासणीच्या दिवशी आधी रक्त द्या, मग गोळी घ्या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर दोन दिवस आधी थांबवा, त्याने काही लॅबचे थायरॉईडचे आकडे चुकीचे येतात.

'मला बरं वाटतंय, म्हणजे थायरॉईड ठीक असेल', हा हिशेब गरोदरपणात चालत नाही. थकवा, बद्धकोष्ठता, वजन वाढणं, झोप येणं, हे सगळं थायरॉईडच्या कमतरतेतही होतं आणि निव्वळ दिवस गेल्यानेही होतं. लक्षणांवरून ओळखू येणं कठीण, म्हणून रक्त तपासायचं. उलटंही तेच, थकल्यासारखं वाटलं की लगेच टीएसएच वाढला असं समजू नका.

नवऱ्याला सांगितलेलं नाही, असं तुम्ही लिहिलं आहे. सांगा, आणि लवकर सांगा. एकटीने ही भीती उशाशी घेऊन झोपणं तुमच्यासाठी चांगलं नाही. पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर घेऊन जा, आणि सासूबाई यायला तयार असतील तर त्यांनाही. गोळी का चालू ठेवायची हे डॉक्टरांच्या तोंडून एकदा ऐकलं की घरात तोच प्रश्न पुन्हा पुन्हा निघत नाही, आणि तुम्हाला एकटीला सगळ्यांना समजावत बसावं लागत नाही. तुम्ही गोळी थांबवलीत ती बाळाला जपण्यासाठीच थांबवलीत, हे मला पत्रातल्या प्रत्येक ओळीत दिसलं.

बाळाला थायरॉईड होईल का? आईच्या कमतरतेमुळे बाळ त्याच आजाराने जन्माला येईल असं नसतं. जन्मजात थायरॉईडची कमतरता साधारण दोन ते चार हजार बाळांमागे एकाला असते. ती बहुधा बाळाची ग्रंथीच नीट न घडल्याने होते, आणि आयांना बहुतेक वेळा थायरॉईडचा काही त्रास नसतो. तरीही एक तपासणी तुम्ही हक्काने मागून घ्या : बाळ जन्मल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्ताचे दोन थेंब घेऊन करतात ती. ती प्रत्येकच बाळाची व्हायला हवी, आई निरोगी असली तरीही. कमतरता निघाली आणि पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं, तर ही मुलं इतरांसारखीच वाढतात. जन्मल्याजन्मल्या बाळाकडे बघून हे ओळखू येत नाही, म्हणून मी इतक्या आग्रहाने सांगते आहे. पुढे मोठेपणी तुमच्यासारखा त्रास मुलाला होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त राहते, कारण प्रतिकारशक्तीचे हे आजार घराण्यात चालतात. पण तो प्रश्न त्या वेळचा.

अंगावर पाजताना गोळी चालते. निर्धास्तपणे घ्या. दुधातून जातं ते नगण्य असतं, आणि आईचा थायरॉईड ठीक असलेला दुधासाठीही बरा.

इथे दुसऱ्या बाजूच्या वाचकांसाठी दोन शब्द. ज्यांची थायरॉईड ग्रंथी जास्त काम करते आणि ज्या कार्बिमॅझोल किंवा मेथिमॅझोल घेतात, त्यांचं गणित वेगळं आहे. ही औषधं सहाव्या ते दहाव्या आठवड्यात घेतली गेली तर काही बाळांत व्यंग येऊ शकतं. म्हणून पाळी चुकल्याबरोबर तपासणी करावी आणि दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. पहिल्या काळात ते बहुधा प्रोपिलथायोयुरॅसिल हे दुसरं औषध देतात, आजार शांत असेल तर कधी औषध थांबवूनही बघतात. पण हा निर्णय त्यांनी घ्यायचा, आपल्या मनाने गोळी सोडायची नाही. अशा आयांच्या बाळांना जन्मानंतर वेगळी देखरेख लागू शकते. आणि भरपूर उलट्या होत असताना पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच अगदी तळाला गेला, तर तो अनेकदा एचसीजीमुळेच गेलेला असतो आणि चौदा ते अठरा आठवड्यांत आपोआप सावरतो. त्यासाठी थायरॉईड दाबणारं औषध लागत नाही. ते खरंच एवढंच आहे की ग्रेव्हज डिसीज (थायरॉईड जास्त काम करू लागते असा आजार), हे मात्र डॉक्टरांनी तपासून ठरवावं लागतं.

पुन्हा तुमच्याकडे येते. बाळंतपणानंतर साधारणपणे लगेचच डोस गरोदरपणापूर्वीच्या ५० वर आणतात आणि सहा आठवड्यांनी टीएसएच बघतात. हे दवाखान्यातून घरी जाण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. त्या धावपळीत ते राहून जातं आणि वाढीव डोस महिनोन् महिने चालू राहिला तर धडधड, घाम, चिडचिड सुरू होते, आणि सगळे त्याला जागरणाचा परिणाम समजतात.

पहिल्या वर्षात आणखी एक लक्ष ठेवायचं असतं. साधारण वीस बायकांमागे एकीला बाळंतपणानंतर थायरॉईडला सूज येते, आणि अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असेल तर शक्यता त्याहून बरीच जास्त. आधी काही आठवडे हार्मोन वाढतं, मग ते कमी पडतं. बहुतेकींचं वर्षभरात मार्गी लागतं. या कमतरतेच्या टप्प्यात येणारी उदासी, रडू येणं, कशातच मन न लागणं हे बाळंतपणानंतरच्या नैराश्यासारखंच दिसतं, आणि कधी दोन्ही एकदमही असतं. तसं काही वाटलं तर 'नवीन आई आहे, होतंच असं' म्हणून अंगावर काढू नका. मानसोपचाराची मदत घ्या, आणि त्याच वेळी टीएसएचही करून घ्या.

चार आठवड्यांचा रिपोर्ट आला की मला जरूर कळवा. अडीचच्या खाली आला नसला तरी कळवा. अशा वेळी डॉक्टर तुमच्या डोसमध्ये बहुधा आणखी साडेबारा किंवा पंचवीसची भर घालतील, आणि पुढची तपासणी पुन्हा चार आठवड्यांनी होईल.